कंडेन्स्ड मिल्कऐवजी काय घालू? आधी बघा ते कच्चं जातंय की शिजून

प्रश्न थोडक्यात असा आहे की डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क महाग पडतं, गावात दर वेळी मिळतही नाही, म्हणून ताईंनी घरीच दूध-साखर आटवून ते केलं. दुसऱ्या दिवशी ते जिभेला रवाळ लागायला लागलं, त्याच्या नारळाच्या वड्या पडल्याच नाहीत आणि उरलेलं एगलेस केकमध्ये घातलं तर केक मधोमध बसला. आता त्यांना विचारायचंय की घरचं करायचं का नाही, आणि नाही तर दुसरं काय चालेल, मिल्क पावडर, खवा, नारळाचं दूध?

मी मिठाईच्या आणि एगलेस केकच्या ऑर्डरी घेते, क्लासही घेते, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. घरचं करायचं की नाही याचं उत्तर हो, जरूर करा, पण सगळीकडे ते वापरू नका. कुठे चालतं आणि कुठे नाही हे एकदा कळलं की मग रेसिपीत काहीही लिहिलेलं असू दे, तुम्ही स्वतः ठरवू शकता.

आधी डब्यात नेमकं काय असतं ते बघू. साधारण 400 ग्रॅमचा डबा धरा. त्यात अंदाजे 175 ग्रॅम घातलेली साखर असते, 120 ग्रॅमच्या आसपास दुधाचा घनभाग (म्हणजे फॅट, प्रोटीन आणि दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज) आणि उरलेलं साधारण 105 ग्रॅम पाणी. बस एवढंच. हे तीन आकडे फ्रीजवर लिहून चिकटवा, 175, 120, 105, कारण पर्याय कुठलाही घ्या, शेवटी याच तीन आकड्यांशी मेळ बसवायचा असतो. आणि एक, कंडेन्स्ड मिल्क पाण्यापेक्षा बरंच जड असतं, 240 मिलीच्या एका कपात ते 300 ग्रॅम बसतं, म्हणून 400 ग्रॅमचा डबा म्हणजे साधारण सव्वा कप. कुणी रेसिपीत एक कप लिहितं, कुणी एक डबा लिहितं आणि आपण दोन्ही एकच समजतो तिथे पहिली गडबड होते. वजनकाटा नसेल तर घ्याच, मिठाई करणाऱ्याला तो कढईइतकाच लागतो.

आता दुधाचा हिशोब. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट आणि 9 टक्के बाकीचा घनभाग असतो, म्हणजे एकूण 15 टक्के, तर 800 मिली दुधात आपल्याला हवा तो 120 ग्रॅमचा भाग मिळून जातो. टोन्ड दूध घेतलंत तर 3 अधिक साडेआठ, म्हणजे साडेअकरा टक्केच, तिथे पूर्ण लिटर लागेल आणि फॅटही कमी पडेल. घरच्या म्हशीचं दूध असेल तर फुल क्रीमसारखंच धरा. यात साखर 175 ग्रॅम, आणि आटवून आटवून सगळं मिळून 400 ग्रॅमवर आणायचं. थांबायचं कुठे हे डोळ्याने कळत नाही, काट्यावर कळतं. रिकामी कढई आधी वजन करून ठेवा, मग अधूनमधून गॅसवरून उतरवून कढईसकट वजन करा (काट्यावर आधी लाकडी पाट ठेवा, गरम कढई थेट नको). आतला ऐवज 420 ग्रॅमच्या आसपास आला की गॅस बंद. त्या वेळी ते पातळ बासुंदीसारखं दिसतं आणि हात शिवशिवतो की अजून पाच मिनिटं ठेवू, पण ठेवायचं नाही, कारण गार होताना ते खूप दाट होतं आणि कढईच्या उष्णतेने पाणी अजून थोडं उडतंच. मोठे फसफसणारे बुडबुडे जाऊन छोटे, जड, आळसटल्यासारखे बुडबुडे यायला लागले आणि कालथा फिरवल्यावर तळाला क्षणभर रेघ दिसली की ती वेळ आली समजा. यापुढे गेलात तर ते कंडेन्स्ड मिल्क राहत नाही, पेढ्याच्या वाटेला लागतं.

रुंद, जाड बुडाची कढई घ्या, साखर दूध साधारण निम्मं आटल्यावर घाला, आणि दूध उकळायच्या आधीच खायच्या सोड्याची अगदी चिमूट टाका, त्याने आटताना दूध फाटायची भीती कमी होते. पण चिमूट म्हणजे खरंच चिमूट, जास्त झाला तर रंग तपकिरी होतो आणि साबणासारखी चव येते. कडेला जमलेली साय सतत खाली ओढून आत मिसळत राहायची, नाहीतर तिच्या गुठळ्या शेवटपर्यंत राहतात. बासुंदीत त्या हव्याशा वाटतात, इथे नकोत.

चव मात्र डब्यासारखी येणार नाही हे आधीच सांगते. 1856 साली अमेरिकेत गेल बोर्डन यांनी निर्वात भांड्यात दूध आटवायचं पेटंट घेतलं आणि आजही कारखान्यात त्याच तत्त्वाने चालतं, हवेचा दाब कमी केला की दूध कमी तापमानालाच उकळतं, त्यामुळे पाणी उडतं पण दुधाला 'शिजल्याची' चव फारशी लागत नाही. आपण उघड्या कढईत 100 डिग्रीला तासभर उकळतो, त्यामुळे आपल्याला बासुंदीचीच चव येणार. मला विचाराल तर वड्या, खीर, कुल्फीत हीच चव जास्त छान लागते. व्हॅनिला केकमध्ये ती थोडी जाणवते, एवढंच.

आता रवाळपणा, जो तुमचा खरा त्रास आहे. बऱ्याच जणींना वाटतं साखर विरघळली नाही म्हणून असं झालं. पण तसं नाहीये, ते कण बहुतेक वेळा लॅक्टोजचे असतात, म्हणजे दुधातल्याच साखरेचे. लॅक्टोज पाण्यात फार कमी विरघळतं, दूध आटवून आपण पाणी काढून घेतो, गरम असताना ते कसंबसं विरघळलेलं राहतं आणि गार झालं की हळूहळू कण होऊन बाहेर पडतं. जितकं सावकाश गार होईल तितके कण मोठे. कारखान्यातही लॅक्टोजचे कण होतातच, पण तिथे मिश्रण साधारण 30 डिग्रीपर्यंत आणून त्यात अगदी बारीक लॅक्टोजची पूड घालून जोरात ढवळतात, मग थोडे मोठे कण होण्याऐवजी असंख्य बारीक कण होतात, 10 मायक्रॉनच्या आतले, ते जिभेला कळतच नाहीत.

घरी याचं सोपं रूप करता येतं. कढई उतरवल्यावर मिश्रण दुसऱ्या पातेल्यात काढा, ते पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि कोमट होईपर्यंत ढवळत राहा. कोमट झालं की विकतच्या कंडेन्स्ड मिल्कचा एक चमचा, असेल तर, दह्याला विरजण लावतो तसा त्यात घाला आणि आणखी दहा मिनिटं नीट ढवळा. त्या चमच्यातले बारीक कण पुढच्या कणांना सुरुवात करून देतात. डब्याइतकं गुळगुळीत होणार नाही पण दाताखाली वाळू आल्यासारखं लागणार नाही. तसंच कढईत झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलंत तर मात्र रवाळ होणारच.

आणि इथेच माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट येते. लॅक्टोजला पाणी आणि उष्णता मिळाली की तो रवा परत विरघळतो. म्हणजे जिथे कंडेन्स्ड मिल्कमध्ये आणखी दूध, दही किंवा पाणी पडून ते शिजतं तिथे घरचं, रवाळ झालेलंसुद्धा, बिनधास्त वापरा. खीर, बासुंदी दाट करायला, शेवयांची खीर, फ्रूट सॅलडचं दूध, केक, दह्याचा खरवस, सगळं चालेल. जिथे ते कच्चंच, आहे तसं जातं, म्हणजे न ढवळता गोठवायचं आइस्क्रीम, क्रीममध्ये फेटून करायची डेझर्टं, गोव्यात मिळतं ते सेरादुरा (क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि मारी बिस्किटांचा भुगा), केकवरचं आयसिंग, तिथे पैसे द्या आणि डबा आणा. तिथे प्रत्येक कण जिभेवर येतो आणि चांगलं महागडं क्रीमही त्याबरोबर वाया जातं.

मिल्क पावडरचा पर्याय घाईच्या वेळी उत्तम. 105 मिली पाण्यात 175 ग्रॅम साखर गॅसवर पूर्ण विरघळवा, एक उकळी येऊ द्या आणि बंद करा, पाक करायचा नाहीये. कोमट झालं की मिक्सरच्या भांड्यात ते पाणी आणि चाळलेली 120 ग्रॅम फुल क्रीम मिल्क पावडर एकत्र फिरवा. फुल क्रीम पावडर मिळाली नाही, स्किम्ड मिळाली तर 90 ग्रॅम पावडर आणि 40 ग्रॅम बिनमिठाचं बटर घ्या, पाणी थोडं कमी. उकळत्या पाण्यात पावडर टाकू नका, गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. लगेच बघितलं तर पातळ वाटेल, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की दाट होतं. तीन-चार दिवसांत संपवा, नंतर यालाही रवा धरतो.

एक मात्र बघून घ्या, दुकानात मिल्क पावडर म्हणून मागितलं की बरेचदा चहाचं डेअरी व्हाइटनर हातात देतात, एव्हरीडे किंवा अमूल्या वगैरे. त्यात आधीच साखर असते. तेच वापरायचं असेल तर पाकिटावर साखर किती लिहिलीय ते वाचा आणि तेवढी आपल्या 175 मधून वजा करून पावडर तेवढी वाढवा. पाकिटं फोडून अंदाजाने घालायचं आणि मग वड्या पडल्या नाहीत म्हणायचं, असं करू नका.

वड्यांचं बोलू. आपली नेहमीची नारळाची वडी साखरेच्या पाकावर पडते, पाक पुढे गेला की गार होताना साखरेचे परत बारीक कण होतात आणि वडी खुटखुटीत होते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधाचं प्रोटीन, फॅट आणि दुसरी साखर असल्याने असे कण सहज होत नाहीत, म्हणून ती वडी मऊसर, थोडी चिवटसर अशीच होते, तिच्याकडून पाकाच्या वडीची अपेक्षा करू नका. ती घट्ट होते फक्त पाणी उडाल्याने. ओल्या नारळात स्वतःचं पाणी भरपूर, त्यात घरचं कंडेन्स्ड 450-500 ग्रॅमवरच उतरवलेलं असेल तर तेही पाणी, मग कितीही थापा, ताटात पसरतच राहणार. ओला चव आधी चमचाभर तुपावर पाच-सात मिनिटं परतून घ्या, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त ओल घालवायची. दोन वाट्या चवाला 200 ग्रॅम कंडेन्स्ड पुरे. मंद गॅसवर कडा सुटून गोळा फिरायला लागला की अर्धा चमचा मिश्रण गार ताटलीवर टाका आणि मिनिटभराने बोटात घेऊन गोळी वळा. गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही तरच थापायचं. चिकटत असेल तर अजून परता, किंवा दोन चमचे मिल्क पावडर भुरभुरवा. तुमच्या ज्या वड्या पडल्या नाहीत त्या अजून फ्रीजमध्ये असतील तर परत कढईत घालून असंच करा, नक्की वाचतील.

खवा हाही वडीसाठी आणि कलाकंदसारख्या पदार्थांसाठी चांगला पर्याय आहे, किंबहुना तिथे मी कंडेन्स्डपेक्षा खवाच घेईन, कारण दाणा हवाच असतो. 180 ग्रॅम ताजा खवा, 175 ग्रॅम साखर आणि 50 मिली दूध असं धरलं की डब्याच्या जवळपास येतं. खवा किसून दुधात मऊ करून घ्या मग साखर.

आंब्याच्या वड्या किंवा मोदक करताना लक्षात ठेवा, हापूस कितीही गोड असला तरी रसाला आंबटपणा असतोच आणि आंबट मिळालं की कंडेन्स्ड मिल्कमधलं प्रोटीन घट्ट व्हायला लागतं. गार असताना हे बरंच, म्हणूनच लिंबाच्या 'पाय'चं (तळाला बिस्किटाचा थर असलेल्या विदेशी गोड पदार्थाचं) सारण न शिजवता दाटतं. पण गॅसवर रस आणि कंडेन्स्ड एकदम घातलं तर कधीकधी फुटल्यासारखं, कणीदार दिसतं. रस वेगळा आटवून निम्मा करा आणि मग कंडेन्स्ड घाला. गुळाचंही तसंच, गूळ घालून दूध आटवायला गेलात तर फाटायची शक्यता खूप, त्यामुळे गुळाचं कंडेन्स्ड मिल्क करायच्या भानगडीत मी कुणाला पडू देत नाही. खीर गुळाची हवी असेल तर दूध आधी दाट करा, गॅस बंद करा, कोमट झाल्यावर किसलेला गूळ.

याच आंबटपणाचा चांगला उपयोग म्हणजे चीक नसतानाचा खरवस. खरा खरवस चिकातल्या प्रोटीनमुळे नुसत्या वाफेवर घट्ट होतो, साध्या दुधात ती ताकद नसते, म्हणून दही आणि कंडेन्स्ड घालून ते काम करून घ्यायचं. एक कप कंडेन्स्ड, एक कप दूध, एक कप ताजं, फार आंबट नसलेलं घट्ट दही (अर्धा तास फडक्यात टांगून पाणी काढलेलं), वेलची, जायफळ, थोडं केशर. रवीने हलकेच एकत्र करा, मिक्सर लावू नका, फेस झाला तर जाळी पडते. डब्यावर घट्ट झाकण किंवा ताटली ठेवून मोदकपात्रात 25-30 मिनिटं मध्यम वाफेवर. झाकण नसेल तर वाफेचं पाणी वर पडून पृष्ठभागाला खड्डे पडतात. बंगालमध्ये भापा दोई म्हणून जे करतात ते हेच, वेलची-जायफळ आलं की आपल्याला खरवसाची आठवण होते. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. घरचं कंडेन्स्ड इथे शंभर टक्के चालतं आणि बासुंदीच्या चवीमुळे डब्यापेक्षा जास्त छान लागतं हे माझं ठाम मत आहे. नारळाच्या दुधाचं कंडेन्स्ड मात्र इथे अजिबात चालणार नाही, त्यात घट्ट व्हायला लागणारं दुधाचं प्रोटीनच नसतं. दूध न खाणाऱ्यांसाठी 400 मिली घट्ट नारळाचं दूध 130 ग्रॅम साखर घालून साधारण 300 ग्रॅमवर आटवा, ते खीर, पायसम, कुल्फीला वापरा, सुंदर लागतं.

केकचं प्रमाण बहुतेक ठिकाणी असं असतं: 200 ग्रॅम कंडेन्स्ड, 125 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम बटर, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि 75 मिली पाणी किंवा दूध. मधोमध बसायची मुख्य कारणं दोन. घरचं कंडेन्स्ड पातळ असेल तर पाणी जास्त आणि घनभाग कमी जातो, केकला उभं राहायला आधार नाही. आणि दुसरं म्हणजे आटवताना सोडा घातलेला, वर रेसिपीतला अर्धा चमचा, एवढा सोडा झाला की केक भसकन वर येतो आणि खाली बसतो. कंडेन्स्ड मिल्क काही आंबट नसतं, त्यामुळे सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतंच, मी पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालते आणि सोडा पाव चमच्यावर आणते. घरच्या कंडेन्स्डचं वजन करून बघा, दाट आहे की नाही बघा, पातळ असेल तर 75 मिलीतलं पाणी कमी करा. आणि खरं सांगू का, डबा नसेल तर कंडेन्स्डचा पर्याय शोधत बसण्यापेक्षा सरळ दह्याचा केक करा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, दीड कप मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. तो जास्त हलका होतो आणि खूप स्वस्तात होतो.

न ढवळता करायच्या आइस्क्रीमला डबाच घ्या हे वर सांगितलंच, पण क्रीमही बघून घ्या. पाकिटातलं 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम फुलत नाही, 30-35 टक्क्यांवरचं लागतं. आणि केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम आधीच गोड असतं, त्यात पूर्ण डबा ओतलात तर इतकं गोड होतं की खाववत नाही, आणि जास्त साखरेमुळे नीट गोठतही नाही. तिथे निम्माच डबा.

परदेशातल्या मैत्रिणींसाठी, तिकडे इव्हॅपोरेटेड मिल्क आणि कंडेन्स्ड मिल्कचे डबे शेजारी शेजारी असतात. इव्हॅपोरेटेडमध्ये साखर नसते, ते नुसतं आटवलेलं दूध. ते हाताशी असेल तर साखर घालून आणखी आटवा, आपला अर्धा वेळ वाचतो. आणि आखाती देशांत, सिंगापूर-मलेशियात 'स्वीटन्ड क्रीमर' लिहिलेले डबे अगदी तसेच दिसतात पण त्यात बऱ्याचदा पाम तेल असतं, चहा-कॉफीला ठीक, मिठाई करायला नको.

डबा तसाच कुकरमध्ये उकळून कॅरमल करायचे व्हिडिओ फिरत असतात, ते कृपा करून करू नका, बंद डबा फुटू शकतो आणि आतला ऐवज भयंकर तापलेला असतो. कंडेन्स्ड मिल्क स्टीलच्या डब्यात काढा, झाकण लावा, कुकरमध्ये पाणी घालून त्यात ठेवा, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून अर्धा-पाऊण तास, आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. घरच्याचंही कॅरमल होतं.

साखर कमी घालायचं विचारलंत तर जरूर घाला, घरच्याचा तोच तर फायदा आहे, 400 ग्रॅमच्या डब्यात दुधातली साखर धरून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. फक्त टिकायचं गणित बदलतं. डब्यातलं दूध टिकतं ते साखरेमुळे, साखर आणि पाणी मिळून जे वजन होतं त्यात साखर साधारण साडेबासष्ट टक्के तरी असावी लागते, त्याखाली गेलं की जंतूंना वाढायला जागा मिळते. म्हणजे तुम्ही 175 ऐवजी 120 ग्रॅम साखर घातलीत तर ती दाट बासुंदीच समजा आणि बासुंदीसारखीच तीन दिवसांत संपवा. पूर्ण साखरेचं घरचं फ्रीजमध्ये आठवडाभर. आणि विकतचा डबा फोडल्यावर उरलेलं डब्यात ठेवू नका, कोरड्या काचेच्या बाटलीत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दर वेळी कोरडाच चमचा घाला.